आईची केमो: जवळचं हॉस्पिटल धरू की ओळखीची सिस्टर?

पाचोऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय, कंटाळा न करता वाचा आणि खरं काय वाटतं ते सांगा, गोड बोलू नका.

आई ५८ वर्षांची, ब्रेस्ट कॅन्सर, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेतून सगळं चाललंय. लाल औषधाची केमो होती, तीन-तीन आठवड्यांनी, ती संपली. आता पॅक्लिटॅक्सेल सुरू करायचंय, दर आठवड्याला एक असे १२ डोस. डॉक्टर म्हणाले दर आठवड्याला एवढ्या लांबून कशाला येता, जवळ कुठे सोय असेल तर मी पत्र देतो, प्लॅन लिहून देतो, तिथे घ्या आणि मधून मधून मला दाखवून जा. जळगावात योजनेत बसणारं एक खाजगी हॉस्पिटल आहे. पाचोऱ्याहून जळगाव म्हणजे गाडीत बसलं की म्हसावद, शिरसोली करत तासाभरात स्टेशन. आणि संभाजीनगर म्हणजे शेंदुर्णी, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, त्या रस्त्याबद्दल आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं काय सांगू.

म्हणजे प्रश्न सोपा वाटतो ना. पुण्याचा भाऊ तर म्हणतो यात विचार कसला करताय. पण आई हटून बसलीय, जळगावला येणार नाही म्हणते. कारण काय, तर संभाजीनगरची केमोची सिस्टर.

ही सिस्टर मूळची एरंडोलकडची, लग्न होऊन तिकडे गेलेली. पहिल्या केमोला आई नुसती थरथरत होती, स्वेटर घातला, शाल दिली, तरी थांबेना. सिस्टर ट्रे घेऊन आली, आईच्या तोंडाकडे पाहिलं, ट्रे बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून बसलीच. गाव विचारलं. पाचोरा म्हटल्यावर एकदम अहिराणीत, "घाबरू नको व माय, मी शे ना आठे." मग कपाशी किती लावली, बोंडअळी आली का यंदा, कापूस वेचायला बाया मिळतात का, रोज किती द्यावा लागतो. आई शेतकरी बाई, हा विषय निघाल्यावर ती कशाची थांबते. ती बोलत होती तेवढ्यात हिने गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवून नस वर आणली आणि सुई लावून मोकळी. आईला कळलं पण उशिराच. आणि निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की आज लघवी लाल होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर रात्री घाबरतील. हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून दर केमोला आई आधी दारातून बघते ती आहे का. असली की झालं. एकदा ती सुट्टीवर होती तर बाईचं बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी दोन तास थांबवलं.

आता मी जळगावचं नाव काढलं की एकच, "तठे मन्हं कोन शे?" भाऊ फोनवर ओरडतो की औषध तेच, डोस तोच, सिस्टरसाठी कोणी घाट चढतं का. मला दोघांचं पटतं, हीच अडचण आहे. तुमच्यापैकी कोणी असं मध्येच हॉस्पिटल बदललंय का? आणि आईचा हा हट्ट समजायचा की ऐकायचं?


केळीवाला_रावेर

ताई राग मानू नका, पण मी भावाच्या बाजूने. माझ्या काकूचं झालंय हे सगळं म्हणून बोलतो. १२ आठवडे म्हणजे तीन महिने. दर आठवड्याला घाट, तोही पावसाळ्यात आला तर दरड, ट्रॅफिक, नाहीतर कुठेतरी खोदून ठेवलेलं. पॅक्लिटॅक्सेलमध्ये पुढे-पुढे पायाला मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, अंग मोडून येतं, अशा माणसाला गाडीत तासन् तास पाय लोंबकळत बसवणं बरं नाही. वरून पांढऱ्या पेशी कमी झाल्या की एसटीतल्या गर्दीत कोण खोकतंय ते बघत बसा. बायकांना अर्ध तिकीट आहे म्हणून प्रवास सोपा होत नाही.

आणि केमो घराजवळ मिळावी हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही. २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरचे डे केअर सेंटर (केमो घेऊन त्याच दिवशी घरी) करायचं जाहीर झालं, ते याच्यासाठीच की लोकांची ही पायपीट थांबावी. तुम्हाला जवळ मिळतंय तर तुम्ही लांब चाललात.

अजून एक कडू बोलतो. सरकारी सिस्टरची ड्युटी बदलते. आज केमोला आहे, पुढच्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात टाकली किंवा बदली झाली तर काय करणार? सगळा धीर एका माणसावर टांगून ठेवू नका. सिस्टर चांगली आहे, मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्या बाईलाही विचाराल तर तीच म्हणेल जवळ घ्या.


भुसावळकर

माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो), तोंडाचा कॅन्सर, तंबाखू. गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे आणि आमच्या गल्लीतल्या टपरीवर पुडी आजही मिळते, जाऊ द्या तो विषय, बीपी वाढतं माझं.

टाटाला होतो आम्ही, परळला. १९४१ पासूनचं हॉस्पिटल आहे आणि गर्दी बघून वाटतं तेव्हापासूनची लाईन अजून संपलीच नाही. ऑपरेशनला जबड्याचा भाग काढला, नाकात राईल्स ट्यूब (पोटात अन्न द्यायची नळी), गळ्याला छिद्र, बोलणं बंद. पाटी-पेन्सिल दिली होती लिहायला पण अण्णा चौथी शिकलेले, हात थरथरायचा, लिहिलेलं आम्हालाच वाचता येईना, मग ते चिडायचे, पाटी फेकायचे. वॉर्डात एक मामा होते, म्हणजे वॉर्डबॉय, कोकणातले, वय झालेलं. त्या माणसाने पाटी उचलून ठेवली आणि अण्णांना बोटं शिकवली. एक बोट म्हणजे लघवी, दोन म्हणजे कफ अडकलाय, मूठ म्हणजे दुखतंय, आणि तळहात उघडा म्हणजे काही नको, नुसतं इथे बस. शेवटची खूण अण्णा सगळ्यात जास्त करायचे. आणि मामा खरंच बसायचे, पाच मिनिटं का होईना, कपडे बदलायचं काम तसंच ठेवून.

आता तुमच्या प्रश्नाला धरून. आम्हीही घाबरलो होतो की हा वॉर्ड सुटला की संपलं. ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, वेगळं डिपार्टमेंट, सगळे नवीन चेहरे, मामा नाहीत. त्यात तो मास्क. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून चेहऱ्याचा साचा घेतात, मग रोज तोच मास्क चढवून टेबलाला क्लिप लावून टाकतात, डोकं इकडचं तिकडे होत नाही, आणि सगळे बाहेर जाऊन जाड दरवाजा बंद. आत माणूस एकटा. अण्णा पहिल्या दिवशी हातपाय झाडायला लागले, लाईट (म्हणजे रेडिएशन) देताच आली नाही.

दुसऱ्या दिवशी एक टेक्निशियन मुलगी होती, पंचविशीतली असेल. तिने अण्णांना आधी बाहेर आणलं, स्क्रीन दाखवली, म्हणाली काका हे बघा, तुम्ही आत असता तेव्हा आम्ही इथून तुम्हाला बघत असतो, नुसता हात वर केला की मशीन बंद करून मी आत येते. मग आत नेलं, मास्क लावला, बाहेर आली आणि सांगितलं एकदा हात वर करून बघा. अण्णांनी केला. ती खरंच आत गेली. परत बाहेर, परत हात, परत आत. बाहेर लाईन लागलेली, तरी तिने दोनदा करून दाखवलं. त्यानंतर माइकवरून बोलत राहायची, काका झालं, अर्धं झालं, आता थोडंच राहिलं. पुढे सहा आठवड्यांत अण्णांनी एकदाही हात वर केला नाही.

म्हणून माझं मत, माणूस दुसऱ्या ठिकाणीही मिळतो, पण लगेच मिळत नाही, मधले चार दिवस वाईट जातात. त्या चार दिवसांची तयारी ठेवा.

(कोणाला टाटाला जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के, हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, नंबर लावावा लागतो. विषयांतर झालं पण कोणाला तरी लागेल.)


शिरपूरची_सून

केळीवाले दादा, तुमचं रस्त्याचं खरं आहे पण "औषध तेच" हे मला पटत नाही, आमच्याकडे काय झालं ते सांगते.

सासूबाईंची केमो एका हॉस्पिटलात चालू होती, नाव घेत नाही. सोयी चकाचक, एसी, टीव्ही, सगळं. पण तिथली एक सिस्टर अशी तोंडाळ की विचारू नका. सासूबाईंनी एकदा विचारलं की हात जळजळतोय, तर म्हणे, "केमो आहे मावशी, गुलाबजल नाही, जळजळणारच." एकदा मळमळ सांगितली तर "तुम्हाला एकट्यालाच होते का?" झालं, त्या दिवसापासून सासूबाईंनी सांगणंच सोडलं. कसं वाटतंय, बरं वाटतंय. दुखतंय का, नाही. घरीही तेच.

मग केमोनंतर आठवडाभराने ताप आला. आम्हाला सांगितलंच नाही त्यांनी! गोधडी घेऊन पडून राहिल्या, म्हणे थंडी आहे. संध्याकाळी माझ्या मुलीने आजीच्या हाताला हात लावला आणि ओरडली तेव्हा कळलं, थर्मामीटर लावला तर १०२. रात्रीच नेलं, पांढऱ्या पेशी पार तळाला, आयसीयूत ठेवलं, अँटिबायोटिक शिरेतून. वाचल्या. नंतर विचारलं का सांगितलं नाही, तर म्हणाल्या, परत जावं लागलं असतं ना तिच्याकडे.

म्हणून ताई, आई हट्ट करतेय असं समजू नका. तिला कोणाला तरी "दुखतंय" म्हणता येतंय, ही बारीक गोष्ट नाही.


नंदुरबारवाले_भाऊ

आम्ही आईला सुरतला नेलं, आम्हाला तेच जवळ, आयुष्मान कार्ड चाललं तिकडे. आई फक्त भिली बोलते, तिथली आया गुजराती. पहिल्या दिवसापासून दोघींचं जमलं, मला आजपर्यंत कळलं नाही त्या काय बोलायच्या. आया तिचे केस गळायला लागल्यावर रोज सकाळी उशी झाडून ठेवायची, आईने बघायच्या आधी. बस एवढंच सांगायचं होतं. भाषा आली तर चांगलंच, पण नाही आली तरी अडत नाही असा आमचा अनुभव.


धुळ्याची_सिस्टर

मी स्वतः ऑन्को (कॅन्सर) डे केअरला नर्स आहे, नाइट करून आलेय, टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

शिरपूरच्या ताईंनी जे लिहिलं ते वाचून वाईट वाटलं पण नवल नाही वाटलं. आमच्यात अशा आहेत. त्याचं कारण द्यायचं तर एक सिस्टर, भरलेल्या खुर्च्या, प्रत्येकाची बाटली वेगळ्या वेळेला संपणार, त्यात नातेवाईक फाईल घेऊन मागे उभे, तरी असं बोलायला ते कारण पुरत नाही.

पण पाचोऱ्याच्या ताई, तुमच्या सिस्टरने काय केलं ते मी तुम्हाला आमच्या बाजूने सांगते. ती नुसती गोड बोलली नाही. ते लाल औषध शिरेच्या बाहेर गळलं तर कातडी, मांस जाळतं, जखम महिनोन् महिने भरत नाही. ते देताना आमची नजर सुईच्या जागेवर लागते आणि कान पेशंटच्या तोंडाकडे, कारण पहिली खबर पेशंटच देतो, इथे चुरचुरतंय म्हणून. जो पेशंट आम्हाला घाबरतो तो ती खबर देत नाही. म्हणून कपाशीचं विचारणं हा कामाचाच भाग आहे, वेळ घालवणं नाही. बोलता पेशंट मला हवा असतो. गप्प बसलेल्याची मला भीती वाटते.

आणि "हात जळजळतोय" म्हटल्यावर "जळजळणारच" हे उत्तर कुठल्याच सिस्टरने द्यायचं नसतं. आधी औषध थांबवायचं, जागा बघायची, मग बोलायचं.

पॅक्लिटॅक्सेलचं वेगळं आहे. त्यात रिअॅक्शनची भीती, ती आली तर बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या डोसला आणि तेही सुरुवातीच्या काही मिनिटांत. छाती दाटते, चेहरा लाल होतो, कंबर दुखते, श्वास लागतो. म्हणून आधी स्टेरॉइड, अॅलर्जीचं इंजेक्शन देतो, मग औषध हळू सुरू करून पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ उभं राहायचं. नंतरच्या डोसांत मुंग्या, बधिरपणा. आईला चपलेचा अंगठा धरता येत नसेल, ब्लाउजचं बटण लागत नसेल तर ते सांगायचं, बायका सांगत नाहीत, वयाचं समजतात. तेवढ्यावरून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात.

तर माझा सल्ला असा. पहिले एक-दोन डोस जुन्याच ठिकाणी घ्या, डॉक्टरांना विचारून. रिअॅक्शनचा धोका तेव्हाच जास्त आणि आई तेव्हा शांत असलेली बरी. पुढचे जळगावला. पण त्याआधी एकदा नुसतंच आईला घेऊन जळगावचं युनिट बघायला जा, केमो न घेता. खुर्ची कुठली, संडास किती लांब, खिडकी आहे का, हे बघितलं की अर्धी भीती जाते. आणि तुम्ही सिस्टरकडे बघा. बाटली लावायच्या आधी पेशंटला नाव विचारते की कागदावरूनच लावते? दोघी मिळून औषध तपासतात का? दोनदा सुई चुकली तर तिसऱ्यांदा स्वतःच टोचते की दुसरीला बोलावते? रात्री ताप आला तर फोन कुठे करायचा हे तोंडी सांगतात की लिहून देतात? १००.४ च्या वर ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, हे जिथे न विचारता सांगतात ते युनिट चांगलं.

हो, आणि आईंचा डावा हात सुईला, बीपीला कोणालाच देऊ नका, काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजतो. म्हणजे सगळा भार उजव्या हातावर, त्या नसा १२ डोस टिकतील का ते विचारा, नाहीतर पोर्ट (छातीत कातडीखाली बसवतात ती केमोची डबी) बसवायचं का बघा. योजनेचं मात्र आधी आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलात योजनेचा माणूस असतो तो) पक्कं करा की ते हॉस्पिटल कॅन्सरच्या केमोसाठी योजनेत आहे, नुसतं योजनेत आहे म्हणून चालत नाही. टोल फ्री १५५३८८.


केळीवाला_रावेर

सिस्टर, पटलं. पहिले दोन तिकडे, बाकी इकडे, याला माझी ना नाही. पण ताई एक करा, सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) आदल्या दिवशी पाचोऱ्यातच काढा आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारा उद्या येऊ का. आमच्या काकूला घेऊन पोहोचायचो आणि तिथे कळायचं काउंट कमी, आज केमो नाही, परत फिरा. गाडीचे पैसे गेले ते गेले, ती बाई तयारी करून आलेली असायची मनाची, ती सगळी वाया.


पाचोऱ्याची_लेक

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मला वाटलं नव्हतं एवढं कोणी लिहील. आईला सगळं वाचून दाखवलं. मामांच्या बोटांचं ऐकून रडली, गुटख्याच्या ठिकाणी दोन शिव्या दिल्या (आमच्याकडेही एक आहेत खाणारे, नाव घेत नाही), आणि केळीवाले दादांना सांग म्हणे, रागावले नाही.

धुळ्याच्या सिस्टरने सांगितलं तसं काल जळगावला नुसतं बघायला गेलो. सुरुवातच वाईट. काउंटरवरचा मुलगा मोबाईलमधून मान वर काढेना, केमो नाही तर आलात कशाला म्हणे. आईने माझ्याकडे असं बघितलं की बघ, सांगितलं होतं ना. मी म्हटलं आलोच आहोत तर वर जाऊन येऊ.

वर केमोच्या खोलीत एक तरुण सिस्टर, केरळची, मराठी तोडकंमोडकं, हिंदी बरं. तिला म्हटलं फक्त बघायचंय, तर काही न बोलता आईला रिकाम्या खुर्चीवर बसवलं, खुर्ची मागे करून दाखवली. मग बीपी बघते म्हणाली, पट्टा हातात घेतला आणि लावायच्या आधी थांबली. "अम्मा, ऑपरेशन कौनसे साइड का?" आईने डावीकडे बोट दाखवलं, तिने उजव्या हाताला लावला. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं तिला. फाईल पण दाखवली नव्हती.

आई खाली येईपर्यंत गप्प. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हिले इचारता येस." बस. आमच्या आईकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. काउंटरवरच्या पोराला मात्र तिने मनातून काढलंय, त्याच्याशी तूच बोलायचं म्हणे.

तिथलं बाकी बघितलं, दोघी सिस्टर मिळून बाटलीवरचं नाव वाचत होत्या, तापाचा कागद भिंतीवर मराठीत लावलाय, रात्रीचा नंबर लिहून दिला. आरोग्यमित्राला भेटलो, त्याने कॅन्सरसाठी आहे म्हणून सांगितलं, रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचं पत्र, आधीच्या केमोची सगळी डिस्चार्ज कार्डं आणायला सांगितली. पोर्टचं डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले उजवी नस अजून बरी आहे, आधी दोन-तीन डोस बघू.

तर ठरलं असं की पहिले दोन संभाजीनगरला, मग जळगाव. भाऊ खूश, आई निम्मी खूश. संभाजीनगरच्या सिस्टरला फोन करून मीच सांगितलं, मला वाटलं तिला वाईट वाटेल, तर ती म्हणाली अहो मीच सांगणार होते, त्या घाटाने त्यांच्या पायांची वाट लागेल. केळीवाले दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं.

आता शेवटचा एक प्रश्न, धुळ्याच्या सिस्टरला खास. आईला संभाजीनगरच्या सिस्टरला काहीतरी द्यायचंय. साडी म्हणत होती, मी थांबवलंय. सरकारी सिस्टरला असं देणं चालतं का? तिला अडचण नको व्हायला.


धुळ्याची_सिस्टर

साडी, पैसे, पाकीट काही नको, खरंच नको, घेतलं तरी तिला त्रास आणि नाही घेतलं तरी आईंना वाईट. खायचं चालतं, उघड्यावर द्यायचं, सगळ्या स्टाफसाठी म्हणून. आणि जमलं तर एका कागदावर आईंच्या शब्दांत चार ओळी लिहून इन्चार्ज सिस्टरकडे द्या, तिचं नाव घालून. तक्रारीचे कागद आमच्याकडे रोज येतात, असा कागद आला की आम्ही फोटो काढून ठेवतो.

काउंटरवरच्या पोराचं सोडून द्या. बहुतेक ठिकाणी असतो एक.


पाचोऱ्याची_लेक

कागद लिहिते. आई अहिराणीतच सांगणार, मी तसाच लिहून घेईन.

खायला ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड न्यायचं म्हणतेय, उन्हाळ्यातले डबाभर आहेत घरात. सगळ्या स्टाफला पुरतील का?


धुळ्याची_सिस्टर

सकाळची, दुपारची, रात्रीची अशा तीन ड्युट्या, वर मावश्या, मामा आणि फार्मसीवाले. एका डब्यात काय होतंय? दोन न्या. आणि बिबडे तळूनच न्या बाई, वॉर्डात कढई कुठून आणायची आम्ही.


भुसावळकर

भुसावळवरून जाताना आमच्याकडे पण टाका हो एक डबा.


पाचोऱ्याची_लेक

पाचोऱ्याहून संभाजीनगरला जाताना भुसावळ कुठून येतं दादा??


भुसावळकर

बिबड्यांसाठी येतं.